खिंडीत मळलेला कोट

रात्रीच्या हिवाने दोरीवरच्या चादरी पत्र्यासारख्या ताठ झाल्या होत्या. वारा नव्हता. आभाळ खळबळून काढल्यासारखं निळं, आणि त्या निळ्यावर डोंगराची पांढरी धार इतकी टोकदार की बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. हॉटेलच्या मागच्या अंगणात कडकमावशी हातांवर फुंकर घालत उभी होती. गोठलेली चादर दोरीवर मोडायची नसते. मोडली की धागा तुटतो, आणि पुढे कधीतरी बरोबर त्याच रेघेवर भोक पडतं. दोघींनी दोन टोकं धरायची, फळी न्यावी तशी आडवी आत न्यायची आणि बॉयलरजवळ भिंतीला टेकवून ठेवायची. मग ती आधी मान टाकते, मग कंबरेत वाकते आणि शेवटी आपली आपण जमिनीवर बसते. घडी तेव्हा.

"वन्सं, दाराला जपा. काल कोपरा ठोकलात."

"दारच अरुंद आहे, वहिनी. आणि मी काही अरुंद नाही, त्याला मी काय करू?"

नणंद हसली की तिचं सगळं अंग हसायचं. कडकमावशी हसली की फक्त नाक हलायचं. तिचं खरं नाव गावात कुणाच्या ध्यानात नव्हतं. खळ घातलेल्या कपड्याला ती जशी इस्त्री मारायची तसाच तिचा स्वभाव, कुठे सुरकुती म्हणून नाही. हॉटेलात उतरणारे लोक डोंगरावर जायचे आणि चिखल, घाम, रक्त घेऊन परत यायचे. त्यांचं ते सगळं हिच्या टबात पडायचं. आता मोसम संपला होता. खोल्या रिकाम्या झाल्या होत्या, आणि हॉटेलातली सगळी ब्लँकेटं नि पडदे धुऊन कपाटात गेले की हिवाळाभर दाराला कुलूप.

दोघी चादर घेऊन निम्म्या अंगणात आल्या आणि कुंपणाच्या फाटकात खेचरवाला उभा दिसला. टोपी हातात घेतलेली.

कडकमावशीच्या हातून टोक सुटलं. चादर जमिनीवर पडली नि मधोमध मोडली. हा माणूस याआधी टोपी हातात घेऊन त्या फाटकात उभा राहिला होता तो वसंतात, आणि तेव्हा खेचरावर आडवा घालून त्याने तिच्या नवऱ्याला आणलं होतं.

"जिवंत आहे, जिवंत आहे!" खेचरवाला घाईघाईने म्हणाला. "धडधाकट आहे तुमचा पोरगा. पण वहिनी, तो खाली येत नाही म्हणतोय."

"येत नाही म्हणजे?"

"म्हणजे येत नाही. हिवाळा वरच काढणार म्हणे."

नणंदेने कपाळावर हात मारला. "अगं बाई! दुष्काळात तेरावा महिना."

वरच्या खिंडीत दगडी भिंतींचा एक निवारा आहे. डोंगर ओलांडणारे तिथे एक रात्र टेकतात. बर्फ वितळलं की रखवालदार वर जातो, निवारा उघडतो, आणि पानं झडून गेली की ब्लँकेटं झटकून, दार बंद करून खाली येतो. हिवाळ्यात तिथे कुणी राहत नाही. खिंड एकदा बुजली की वसंतापर्यंत कुत्रंही वर जाऊ शकत नाही नि खाली येऊ शकत नाही. कडकमावशीचा नवरा हे काम जन्मभर करत आला होता. या वसंतात निवारा उघडायला म्हणून गेला, आणि दारातलं बर्फ फावड्याने ओढताना छातीला हात लावून खाली बसला तो बसलाच. त्याच्या जागी मुलगा गेला. लांब्या. ताडमाड वाढलेला, बोलायला कमी. पण तो कामासाठी गेला नव्हता, आणि हे कडकमावशीला पक्कं ठाऊक होतं.

त्याचं असं झालं. नवरा खिंडीतून घरी आला की तिची एक रीत होती. उंबऱ्याबाहेर बादली. कपडे तिथेच उतरायचे, मगच आत पाऊल. धूर, रॉकेल, खेचराचा घाम, तंबाखू, असा सगळा गोतावळा त्याच्या कोटात मुक्कामाला असायचा. "तू माणूस आहेस की धुराडं?" ती ओरडायची. तो थंडीत उघडा कुडकुडत हसायचा. "आधी मला आत घे, बायको, मग कोटाला शिव्या घाल." बारका लांब्या तेवढ्यात बादलीतून कोट ओढून अंगावर घ्यायचा नि घरभर पळायचा. दर खेपेला हाच तमाशा.

नवऱ्याला पोहोचवून आल्यावर दुसऱ्या सकाळी ती उठली, पाणी तापवलं, आणि दारातल्या बोचक्यातला कोट टबात घातला. विचार करून नाही. डोळा मिटतो तसा. मळकं दिसलं की हात तिकडे जाणार, जित्याची खोड. सोडा घातला, घासला, खळबळून काढला. लांब्या बाहेरून आला तेव्हा कोट दोरीवर ठिबकत होता. त्याने जाऊन कोटात तोंड खुपसलं.

"साबण," तो म्हणाला. "नुसता साबण. आई, तू बाबाला धुऊन टाकलंस."

त्या वेळी तिने त्याला जवळ घेतलं असतं तर निभावलं असतं. पण तोंडातून काय निघालं, तर "मग काय मळका ठेवायचा होता?"

तेवढं पुरलं. त्याने तोंडाला कुलूप घातलं आणि बर्फ पुरतं वितळायच्या आत तो वर निघून गेला. वर बाबाचं कांबळं होतं. निवाऱ्यातलं, कधी न धुतलेलं.

"मी शेवटची खेप करतोय," खेचरवाला सांगत होता. "वरचे सिलेंडर तेवढे आणायचे. मी समजावीन त्याला परत. पण वहिनी, तो माझं ऐकणार नाही. बाप त्याचा ऐकायचा नाही, हा त्याच्यावर वरताण. लाकूड जेमतेम आहे. मला तर वाटतं…" त्याने टोपी पिळली. "त्याला पुरवायचंच नाहीये लाकूड."

कडकमावशीने मोडलेली चादर उचलली, तिच्या मधल्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मी येते."

"तुम्ही?" नणंद किंचाळली. "जिना चढताना तुमचे गुडघे वाजतात ते मला खालच्या खोलीत ऐकू येतात! तिथे वर हवा नसते, वहिनी. दादा म्हणायचा, तिथे पाणी उकळतं पण हात पोळत नाही. असल्या ठिकाणी कुठे जाता?"

"तुमच्या दादाला जमलं ना?"

"जमलं? तो तिथेच गेला!"

नणंद आत जाऊन रडत रडत भाकरी बांधायला लागली.

घरात उबदार म्हणून एकच कपडा होता. धुऊन, घडी घालून कपाटात ठेवलेला तो कोट. तिने तो अंगात घातला. बाह्या दुमडल्या. साबणाचा वास आला आणि तिने नाक वळवलं. जन्मात पहिल्यांदा तिला साबणाची शिसारी आली.

*

पहिल्या चढाला तिला वाटलं, एवढंच तर आहे. झाडं होती, ओढा होता. खेचरवाल्याच्या दोन खेचरांपैकी म्हातारं खेचर अधूनमधून थांबून तिच्याकडे बघायचं, मागे राहिली तर नाही ना म्हणून.

"म्हातारीला तुमची दया येतेय, वहिनी."

"तिला म्हणावं, पुढे बघ. माझी काळजी करणारे लोक घरी बसलेत."

मग झाडं संपली. मग गवत संपलं. मग बोलणं संपलं. दगड आणि वर दगड, आणि त्यांच्यामधून वर जाणारी एक रेघ. थोडी पावलं टाकायची, काठीवर ओणवं व्हायचं आणि तोंड उघडून हवा शोधायची. हवा असायची, पण तिच्यात जीव नसायचा, पातळ केलेल्या खळीसारखी. डोक्यात कुणीतरी ओले कपडे दगडावर आपटत होतं, एकामागून एक, न थांबता. पोटात काही टिकत नव्हतं. संध्याकाळी मेंढपाळांच्या खोपीत शिरायचं, ओल्या काटक्यांचा धूर डोळ्यांत घेत बसायचं. रॉकेलचा स्टोव्ह भडकायचा, विझायचा. ती खेचराच्या अंगाला टेकून अंग गरम करायची, आणि मेल्यासारखी पडायची.

तिची समजूत होती की नवरा वर मजा करतो. ती खाली लोकांच्या चादरीवरचे डाग घासते आणि हा डोंगरावर तंबाखू चघळत सूर्योदय बघतो. भांडणात शंभरदा तिने हे त्याच्या तोंडावर मारलं होतं. तो काही म्हणायचा नाही. आता एका धोंड्यावर बसून, दोन्ही हातांनी उजवा गुडघा आवळून धरत तिने वर बघितलं, खाली बघितलं. वर धाप, खाली धाप. पाठीवर सिलेंडर नाही, लाकडाची मोळी नाही, तरी हे हाल. आणि एवढं उतरून तो घरी यायचा नि मी त्याला उंबऱ्यात उघडा उभा करायचे.

"भाऊजी," ती खेचरवाल्याला म्हणाली, "तो कधी बोलला नाही हो, एवढं असतं म्हणून."

"कुणाला बोलायचं? बोललं की बाई म्हणते, मग कशाला जाता? आणि या प्रश्नाला उत्तर असतं का आमच्याकडे?"

शेवटच्या चढाच्या सकाळी वारा सुटला. भुसभुशीत बर्फ तोंडावर येत होतं. खेचरवाल्याने आभाळाकडे बघून मान हलवली. "वहिनी, हे चांगलं नाही. तुमचे ओठ बघा, शाई प्यायल्यासारखे झालेत. परत फिरू. मी देवाशपथ सांगतो, पोरगं मरायलाच बसलंय, त्याच्या पाठोपाठ तुम्ही…"

"तुम्ही फिरा."

"अहो पण…"

"फिरा म्हटलं ना!"

ओरडण्यात उरलासुरला श्वास गेला. ती गुडघ्यांवर बसली, वाऱ्याकडे पाठ केली आणि कोटाची कॉलर ओढून डोकं आत घातलं, कासव घालतं तसं. आत अंधार होता. ऊब होती. आणि आत तो होता.

ती दचकून बाहेर आली. आजूबाजूला बघितलं. नुसतं बर्फ. पुन्हा डोकं आत घातलं. धूर, रॉकेल, खेचर, जुना घाम. त्याचाच वास. उंबऱ्यात कोट उतरवताना यायचा तो. तो माणसाचा वास नव्हताच, या वाटेचा होता. जो चढेल त्याला लागणारा. जन्मभर ती दर खेपेला ही वाट टबात घालत होती आणि काळं पाणी मोरीत सोडत होती.

तिला रडायचं होतं. रडायला लागते तेवढी हवा जवळ नव्हती. पण एक कळलं. हा कोट आता त्या पोरापर्यंत पोचला पाहिजे. बाकी मग काय व्हायचं ते होवो. ती उठली. खेचरवाला शिव्या देत मागून आला.

*

निवारा जवळ आला तेव्हा धुराड्यातून धूर येत नव्हता. खेचरवाल्याने दार लाथेने ढकललं.

लांब्या आत बाकावर बसला होता. शेगडी थंड. भिंतीशी ब्लँकेटांची चळत, नीट घडी घातलेली, कोपऱ्याला कोपरा. ती घडी तिने शिकवलेली होती. एक कांबळं तेवढं त्याच्या मांडीवर होतं. दाढी वाढलेली. डोळे खोल.

"कशाला आलीस?"

"बसू तर दे." ती दारातच बसली. "चल खाली."

"नाही."

"लाकूड का नाही पेटवलंस?"

"पुरवतोय."

"कसलं पुरवतोस!" खेचरवाला भडकला. "एवढ्या लाकडात माझं खेचरसुद्धा हिवाळा काढणार नाही. अरे, आई बघ तुझी! त्या गुडघ्यांनी आलीय!"

"मी बोलावलं नव्हतं." लांब्या कांबळ्याची कड बोटांनी चोळत होता. "आणि खाली काय आहे? खाली सगळं धुतलेलं आहे."

तिला कोटाचं सांगायचं होतं. वाटभर तिने वाक्य जुळवलं होतं. तोंड उघडलं तर दात वाजायला लागले, नुसते वाजतच राहिले, आणि खोली तिच्याभोवती फिरली. लांब्या उठला. कितीही झालं तरी आई. तिला बाकावर आडवं केलं, हातातलं कांबळं झटकन तिच्या अंगावर टाकलं, गळ्यापर्यंत ओढून दिलं.

आणि तिला उलटी झाली.

तोंड बाजूला न्यायलाही सवड मिळाली नाही. सगळं कांबळ्यावर. बाबाच्या, कधी न धुतलेल्या कांबळ्यावर. पुन्हा एकदा. मग नुसतं आंबट पाणी.

लांब्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून बाहेर खेचरं खिंकाळली. तो भिंतीकडे गेला आणि भिंतीवर कपाळ टेकून उभा राहिला. करायला गेले एक नि झालं भलतंच, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. मी परत तेच केलं. एवढा डोंगर चढून आले आणि परत तेच केलं.

"मी हात लावणार नाही," ती पुटपुटली. "धुणार नाही मी. तू म्हणशील तर असंच राहू दे."

खेचरवाल्याने तिचा डोळा उघडून बघितला, नखं बघितली. मग लांब्याचा दंड धरून त्याला आपल्याकडे वळवला. "हे बघ. तुला मरायचंय ना, वसंतात परत ये आणि मर, मी तुला आणून सोडीन. हिला आत्ता खाली न्यायची आहे. आत्ता. याला औषध नाही, खाली उतरणं हेच औषध. पुढच्या बर्फाच्या पट्ट्यावर खेचरावर माणूस बसत नाही. मी खेचरं सांभाळू की हिला?"

लांब्याने घाण झालेलं कांबळं गुंडाळून पोत्यात कोंबलं. आईला बाहेर उंबऱ्यावर बसवलं, दाराला बाहेरून अडणा घातला. मग आईसमोर पाठ करून खाली बसला. "धर."

ती पाठीवर आल्यावर तो उठला. "हलकी झालीस."

"कोट जड आहे," ती म्हणाली. "मी नाही."

पट्ट्यावर तो एकेक टाच रोवत उतरत होता. तिचे हात त्याच्या गळ्याभोवती. डावी बाही त्याच्या नाकाशी. मध्येच तो थांबला. तिला वाटलं, घसरतोय. खेचरवाल्याने पुढून हाक मारली. लांब्या हलेना.

"हा कोट तू धुतला होतास."

"हो."

"मग?"

"वाटेने मळला."

तो तसाच उभा राहिला, बर्फ खांद्यांवर साचेपर्यंत. मग म्हणाला, "तंबाखू नाही यात."

"मग आता काय तंबाखू चघळायला लागू? या वयात?"

त्याची पाठ तिच्याखाली हलली. हसला की रडला, पाठीवरून कळत नाही. मग तो चालायला लागला. मागे खिंड बुजत गेली.

*

तो खाली आला म्हणजे माणसांत आला असं नाही. दिवसभर खिडकीशी बसायचा. जेवण समोर ठेवलं तर जेवायचा, नाहीतर नाही. कोट खुंटीवर होता. नणंदेने एकदा नाकाला पदर लावून विचारलं, "वहिनी, हे घरात असंच राहणार? आणि ते दारातलं पोतं? मांजरसुद्धा लांबून जातं हो."

"त्याचं आहे. तो बघेल."

"तुम्हीच बोलताय ना? की डोंगरावर कुणी बाई बदलून पाठवली?"

एका सकाळी हॉटेलच्या अंगणात चादरी पुन्हा ताठ झाल्या होत्या. कडकमावशी बॉयलरला लाकूड घालत होती. मागून आवाज आला. लांब्या पोतं घेऊन उभा होता.

"लोकर गरम पाण्यात आटते ना?"

"आटते. कोमट घे. सोडा नको."

त्याने टब ओढला. पाणी आणलं. कांबळं बुडवलं, तुडवलं, उलटं केलं. तिने पाठ फिरवून इस्त्री हातात घेतली. हात शिवशिवत होते, तिने ते इस्त्रीच्या मुठीवर आवळून ठेवले. भिजलेलं कांबळं म्हणजे मेलेलं जनावर, एकट्याला उचलत नाही. बराच वेळ पाण्याचा आवाज आला, मग थांबला.

"आई. टोक धर."

ती आली. टोक धरलं. तिने उजवीकडे पीळ दिला, त्याने डावीकडे. कांबळं आवळत गेलं, दोघांच्या मध्ये दोरखंडासारखं ताठ झालं, आणि पाणी सुटलं. काळं, धुरकट, तपकिरी. फरशीवरून वाहत ते मोरीच्या तोंडाशी गेलं, क्षणभर तिथे गोल फिरलं आणि आत गेलं. दोघं बघत राहिले.

"गेला," लांब्या म्हणाला.

तिने पीळ सोडला नाही.

"बर्फ वितळलं की मी परत वर जाणार आहे."

"जा."

"येताना…"

"बादली नसेल उंबऱ्यात," ती म्हणाली. "तसाच आत ये."

त्याने मान हलवली की नाही, वाफेत दिसलं नाही. कांबळं त्यांनी बॉयलरवरच्या दांडीला टाकलं. थेंब तापल्या पत्र्यावर पडून चुर्र वाजत होते. नणंद अजून आली नव्हती. बाहेर ऊन दोरीपर्यंत पोचलं होतं आणि चादरींच्या कडा ठिबकायला लागल्या होत्या.

कडकमावशीने ओले हात कमरेला पुसले. "चल, त्या आत घेऊ. टोक धर. मोडू नकोस, आणि दाराला जप."